चोराला कळलं कसं?

दिवाळीच्या सुट्टीत ताई, दाजी, त्यांची पोरगी मनू आणि मी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलो. सोलापुरातून रात्रीच निघालो होतो. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, पहाटे पुणे मागे टाकलं. मनूने दिवसभर मिळेल त्या राईडमध्ये बसून घेतलं, पण परतताना तिच्या तोंडी एकाच राईडचं नाव होतं, अलीबाबा आणि चाळीस चोरांची गुहा. गाडीत बसायचं, बंदूक हातात घ्यायची, अंधारातून गाडी पुढे सरकते, नेम धरून चाप ओढायचा आणि गुण मिळवायचे. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, बंदुकीतनं गोळी तर निघालीच नाही की. मग चोराला कळलं कसं?"

साखर पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रिमोट उघडणं, सेन्सर बदलणं हे माझं रोजचं काम. म्हणून मी पटकन म्हणालो, "टीव्हीच्या रिमोटसारखं असतं ते." तिचं समाधान झालं नाही, आणि तिचं बरोबर होतं. रिमोट दाबला की टीव्हीला तरी कसं कळतं, हे आपण मुलांना कुठे सांगतो? मनूला पुढे दोन-तीन दिवस दुकानात बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी आपल्या गड्ड्यावर जाऊ. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी होम मैदानावर पाळणे लागतात, मौत का कुआ लागतो, आणि एखाद्या कोपऱ्यात फुगे फोडायचा स्टॉल असतोच. लाकडी फळीवर ओळीने फुगे, समोर छर्ऱ्याची बंदूक. इथे कोणाला काही 'कळवावं' लागत नाही. छर्रा लागला की फुगा फुटतो. फुटलेला फुगा हीच पावती, ती सगळ्यांना दिसते, भांडायला जागा नाही.

पण छर्ऱ्याला वेळ लागतो. तो सेकंदाला शंभर मीटर जातो असं धरू. फुगा पाच मीटरवर असेल तर पोचायला सेकंदाचा विसावा हिस्सा लागला. तेवढ्यात तो सव्वा सेंटिमीटरभर खालीही येतो, कारण पृथ्वी त्याला ओढत असते. एका जागी बांधलेल्या फुग्याला याने काही फरक पडत नाही. पण तोच फुगा सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असता, तर छर्रा पोचेपर्यंत पाच सेंटिमीटर पुढे गेला असता. म्हणजे नेम फुग्यावर न धरता त्याच्या पुढे धरावा लागला असता. त्यात आपणही चालत्या गाडीत, शेजारी दहा वर्षांची पोरं, आणि सगळा अंधार. अशा ठिकाणी छर्रा वापरायचा विचारही कोणी करणार नाही.

म्हणून छर्ऱ्याच्या जागी प्रकाश आला. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. सहा मीटरवरच्या चोरापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा पाच कोटीवा भाग पुरतो. तेवढ्यात चोर हलत नाही, गाडी हलत नाही, काहीच हलत नाही. जिथे दिसतोय तिथेच नेम धरायचा, वर नाही, खाली नाही, पुढे नाही. लहान पोर पहिल्याच फेरीत गुण मिळवतं त्याचं एक मोठं कारण हे.

अडचण वेगळीच येते. प्रकाशाने काही फुटत नाही. चोर पुठ्ठ्याचा असो की फायबरचा, त्याच्यावर प्रकाश पडून गेला तरी तो ढिम्म उभा. म्हणून लक्ष्याला डोळा द्यावा लागतो, आणि प्रकाश पडल्याबरोबर त्या डोळ्याने "लागला" असं कुणाला तरी कळवावं लागतं. मनूचा प्रश्न नेमका इथे येऊन बसतो. या खेळात नेम लागला म्हणजे निरोप पोचला. राईडमधली बाकी सगळी यंत्रणा त्या एका निरोपासाठी उभी केलेली असते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सीबर्ग कंपनीने १९३६ साली 'रे-ओ-लाइट' नावाचा खेळ आणला. त्यात बदकं सरकत जायची आणि बंदुकीतून प्रकाशाचा झोत निघायचा. बदकात काचेची एक नळी बसवलेली असे. तिच्यावर प्रकाश पडला की तिच्यातून वीज वाहायची आणि यंत्राला कळायचं की बदकाला नेम लागला. प्रकाशाने धातूतून वीज सुटते हे हर्ट्झच्या प्रयोगात १८८७ साली दिसलं होतं, आणि ते का होतं हे आइन्स्टाइनने १९०५ साली सांगितलं. त्याला १९२१चं नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कामासाठी. आज काचेच्या नळीच्या जागी मुगाच्या दाण्याएवढा फोटोडायोड असतो, काम तेच.

आता डोळ्याने बघायचा प्रयोग. दुकानात मनूला मी टीव्हीचा रिमोट दिला आणि मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू केला. "रिमोटच्या तोंडाकडे बघ." नुसत्या डोळ्याने काही दिसेना. "आता मोबाईलमधून बघ आणि बटण दाब." पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकायला लागला. बटण सोडलं की बंद. तिने तेरा-चौदा वेळा दाबून पाहिलं. हा इन्फ्रारेड प्रकाश, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्याही पलीकडचा. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याच्या चिपला दिसतो. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर तो अडवणारी काच असते, म्हणून पुढचा कॅमेरा घ्यायचा.

राईडमधल्या बऱ्याच बंदुका आतून याच रिमोटची भावंडं. एलईडी, पुढे भिंग, मागे चाप. कधी सोबतीला लाल ठिपका दाखवणारा लेझर असतो, तो तुमच्यासाठी, आपला नेम कुठे जातोय ते दिसावं म्हणून. काम करणारा प्रकाश न दिसणाराच असू शकतो.

मनूने लगेच पुढचं विचारलं. आत इतके दिवे असतात, स्फोट होतात, शेजारच्या गाडीतली माणसं पण मारत असतात, मग चोराला कसं कळतं की हा प्रकाश मनूचाच आहे? खरी हुशारी इथे आहे.

गड्ड्याच्या गर्दीत उभे राहा. भोंगे, पिपाण्या, पाळण्याचं इंजिन, माणसांचा कल्ला. तरी त्यात हलगी वाजली की कानाला लगेच कळतं. ती सगळ्यात मोठ्याने वाजते असं काही नाही, तिला ठेका असतो. कान ठेका ओळखतो. रिमोटही तेच करतो. तो नुसता पेटून राहत नाही, सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो. टीव्हीतला सेन्सर फक्त तोच ठेका ऐकतो. आपल्या विजेवरचा जुना पिवळा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि उन्हातला इन्फ्रारेड तर एकसारखा पडून असतो. दोन्ही सेन्सरच्या लेखी गोंगाट. जोरदार ऊन थेट सेन्सरवर आलं तर तो दिपतो, म्हणून खिडकीसमोरच्या टीव्हीचा रिमोट दुपारी नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे येतात. राईड अंधारात ठेवतात त्याला वातावरण हे कारण आहेच, हेही आहे.

या ठेक्यावर मग निरोप चढवतात. थोडा वेळ लुकलुक, थोडा वेळ शांत, पुन्हा लुकलुक. लांब-आखूड खंडांतून आकडे तयार होतात. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स शेजारी-शेजारी असूनही एकाचा रिमोट दुसऱ्याला हलवत नाही, ते याच सांकेतिक आकड्यांमुळे. बंदुकीलाही असाच आकडा देता येतो: मी गाडी ७, बंदूक २. लक्ष्याने तो वाचला की राईडच्या कॉम्प्युटरला कळवायचं, तिथून मनूच्या खात्यात गुण. शेजारच्या पोराने त्याच चोरावर नेम धरला तर त्याचे त्याला. दोन्ही निरोप एकाच क्षणी आले तर एकमेकांत मिसळून वाचता येत नाहीत, दोन माणसं एकदम बोलली तर होतं तसं. म्हणून बंदुकांना पाळीपाळीने बोलायला लावतात. प्रत्येकीची पाळी इतकी छोटी की हाताला जाणवतच नाही.

यातूनच एक कामाची गोष्ट निघते. प्रकाश झटकन जातो, पण निरोप वाचायला वेळ लागतो. टीव्ही रिमोटच्या एका प्रचलित पद्धतीत पूर्ण निरोप जायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो. खेळातले निरोप छोटे ठेवतात, तरी शून्य वेळेत काही जात नाहीत. म्हणजे चाप ओढता ओढता बंदूक झटक्याने दुसरीकडे वळवली, तर अर्धा निरोप चोराच्या अंगावर आणि अर्धा भिंतीवर. "मी तर बरोब्बर मारलं होतं" म्हणणाऱ्या मुलांचं बरेचदा हेच झालेलं असतं. चाप ओढून क्षणभर तिथेच थांबायचं.

नेमाचा हिशेबही सांगतो. सहा मीटरवर बंदूक एक अंश जरी चुकली तरी झोत साधारण दहा सेंटिमीटर बाजूला पडतो. चालत्या गाडीत, दंगा चालू असताना, लहान मुलाचा हात एक अंश हलणारच. झोत सुईसारखा बारीक ठेवला तर पोरं रडत बाहेर येतील. म्हणून भिंगाने झोत थोडा पसरवतात. तो दोन अंशांचा केला की सहा मीटरवर त्याचा वीसेक सेंटिमीटरचा गोल पडतो, जेवणाच्या ताटापेक्षा थोडा लहान. त्यात डोळा सापडला की गुण मिळाले. फार पसरवला तर एका झोतात दोन लक्ष्यं सापडतात आणि खेळाला अर्थ उरत नाही. हा मधला आकडा ठरवणं मला फार सुंदर काम वाटतं. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं की आठ वर्षांच्या मुलाला किती चुकू द्यायचं. फुग्याच्या स्टॉलवर मात्र मी अशा बंदुका हातात घेतल्या आहेत ज्यांच्या नळीच्या टोकावरची खूणच एका बाजूला वाकलेली होती. तिथे नेम जितका नीट धरावा तितका छर्रा लांब जातो.

आतापर्यंत सांगितली ती एक तऱ्हा: बंदूक बोलते, लक्ष्य ऐकतं. याच्या बरोबर उलटंही करता येतं. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कॅसेटवाला टीव्ही गेम होता त्यांना बदकाचा खेळ आठवेल. मूळ 'डक हंट' जपानच्या निन्टेंडोचा, १९८४चा. ती प्लास्टिकची बंदूक टीव्हीवर काहीच मारत नव्हती. तिच्या नळीत डोळा होता, बोलायचं काम टीव्ही करायचा. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीने आधी काळं आणि मग पांढरं पाहिलं तर नेम लागला. बंदूक बल्बकडे रोखून फसवायला गेलं तर काळं दिसतच नाही, लबाडी पकडली जाते. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक यायचे, कितव्या चौकोनाला उजेड दिसला त्यावरून बदक ओळखायचं. आता कोणी ती जुनी बंदूक नव्या एलईडी टीव्हीला लावून बघतो आणि चालत नाही म्हणून दुकानात घेऊन येतो. बंदूक चांगली असते. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र त्याच क्षणी उमटायचं, नवा टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून थोडं उशिरा दाखवतो, आणि बंदूक ज्या क्षणी बघते तेव्हा चौकोन आलेलाच नसतो.

मोठ्या पडद्यावरच्या राईडमध्ये आणखी एक सोय करतात. बंदूक पडद्यावर न दिसणारा ठिपका टाकते आणि फक्त इन्फ्रारेड बघणारा कॅमेरा तो ठिपका कुठे पडला ते पाहतो. त्याला चोर दिसत नाही, गुहा दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात. पडद्यावर त्या जागी चोर होता का, हे कॉम्प्युटर आपल्या नकाशावरून ठरवतो.

आणि जिथे बंदूक गाडीला खिळवलेली असते, तोफेसारखी डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरणारी, तिथे कधीकधी प्रकाशही बाहेर पडत नाही. बंदुकीच्या बुडाशी दोन सेन्सर असतात, कंपासपेटीतल्या कोनमापकासारखे. एक आडवा कोन मोजतो, दुसरा उभा. गाडी रुळावर नेमकी कुठे आहे हे यंत्रणेला माहीत असतंच. जागा आणि दोन कोन कळले की सरळ रेष कुठे जाते हे दहावीच्या भूमितीने काढता येतं. म्हणजे मुलाने चाप ओढला आणि खरं तर एक गणित सुटलं. मनूला ही तऱ्हा सगळ्यात जास्त आवडली. अलीकडे काही राईडमध्ये बंदूकही काढून टाकली आहे. कॅलिफोर्नियाच्या लेगोलँडमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या निंजागो राईडमध्ये नुसते हात हवेत फेकायचे, सेन्सर हाताची हालचाल ओळखतो.

निरोप पोचला, गुण मिळाले, पण चोर पडायलाही हवा आणि तो लगेच पडायला हवा. चाप ओढणं आणि चोर पडणं यात सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त अंतर पडलं की मनाला ते जोडलेलं वाटत नाही, आपल्यामुळे पडला असं वाटतच नाही. अशा पुतळ्यांची हालचाल पुष्कळदा हवेच्या दाबावर होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आठवा. दाबाखालची हवा नळीतून सिलिंडरमध्ये सोडली की दांडा पुढे येतो, हात वर होतो, मान कलंडते. शांत राईडमध्ये कान दिला तर 'फुस्स' ऐकू येतं.

मग हे सगळं क्रमाने कोण घडवून आणतं? हे मी दाजींच्या भाषेत सांगितलं आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं. दाजी यंत्रमागावर आहेत, चादरीच्या. आपल्या सोलापुरी चादरीवर मोर, फुलं उठतात ती जॅकार्डमुळे. जोसेफ जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ साली ही पद्धत बसवली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडलेली असतात. भोक असलं की ताण्याचा तो धागा उचलला जातो, नसलं की खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे विणीची एक ओळ. पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते आणि मोर उमटत जातो. मागाला मोर माहीत नसतो, त्याला फक्त या ओळीत काय उचलायचं ते माहीत असतं.

राईडही अशीच ओळीओळीने चालते. गाडी रुळावरच्या एका सेन्सरवरून गेली की पुढचा पुठ्ठा आला असं समजा. दिवा लाव, आवाज सोड, चोर उभा कर, त्याच्या छातीवरचं लक्ष्य जागं कर. गाडी पुढच्या सेन्सरवर पोचली की चोर खाली, लक्ष्य झोपलं, मागच्या गाडीसाठी पुन्हा तयार. फरक एवढाच, मागाला कोणी मध्ये बोलत नाही आणि इथे मुलं सतत मध्ये बोलत असतात, प्रत्येक चाप हे एक बोलणं. दाजी म्हणाले, "म्हणजे धागा उचलायचा की नाही, हे पोरगं ठरवतंय." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

गाड्या चालवण्याच्याही तऱ्हा आहेत. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधली बझ लाइटइयरची राईड १९९८ची. तिच्या गाड्या रहाटगाडग्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, माळ शक्यतो थांबतच नाही, चढणारे सरकत्या पट्ट्यावरून चढतात. रांग पुढे सरकत राहते. तिथे गाडीत दांडा असतो, तो फिरवून गाडीच डावी-उजवीकडे वळवता येते. २०२५पर्यंत तिथे लक्ष्यांचे गुण आकारावर ठरायचे: गोलाला १००, चौकोनाला १,०००, शंकरपाळ्याच्या आकाराला ५,०००, त्रिकोणाला १०,०००. गुण ९,९९,९९९ वर जाऊन थांबायचे. हे माहीत नसलेलं मूल जवळच्या गोलावर शंभरदा चाप ओढून खूश व्हायचं, माहीत असलेलं मूल दूरच्या एका त्रिकोणासाठी वाट बघायचं. म्हणून कुठल्याही अशा राईडमध्ये बसण्याआधी रांगेतल्या पाट्या वाचा, मुलांना वाचून दाखवा. आणि बसल्यावर पहिल्याच खोलीत बंदुकीची सवय करून घ्या, नेम खाली जातोय की वर, ते दोन-तीन चापांत कळतं.

एक गोष्ट मात्र घरी आल्यावर मुलांना बजावून सांगा. राईडमधला प्रकाश मुद्दाम कमी ताकदीचा ठेवलेला असतो. बाजारात किल्लीच्या जुडग्याबरोबर मिळणारे हिरवे-लाल लेझर तसे असतीलच असं नाही. मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. खेळातल्यासारखा नेम धरून कोणाच्या तोंडावर लेझर मारायचा नाही, हे मनूकडून मी तीनदा वदवून घेतलं.

शेवटच्या दिवशी ती रिमोट घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून बाहेरच्या खोलीतला टीव्ही दिसत नाही. तिने ताईकडून स्टीलचं ताट मागून घेतलं, दारात तिरकं धरायला मला उभं केलं, आणि रिमोट ताटावर रोखून बटण दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही. "मामा, थोडं डावीकडे." मी ताट वळवलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही लागला आणि पेपर वाचणारे दाजी दचकून म्हणाले, "कोण आलंय बे?"